चिपच्या आज्ञा कोणाच्या मालकीच्या?

संगणकात प्रोसेसर इंटेलचा असो की एएमडीचा, विंडोज दोन्हींवर तीच चालते आणि जुनी सॉफ्टवेअरही मुकाट चालतात. याचे आपल्याला नवल वाटत नाही, पण वाटायला हवे. दोन कट्टर प्रतिस्पर्धी, आतून पूर्ण वेगळ्या आराखड्यांच्या चिप, आणि तरी आज्ञा पाळायच्या त्या एकाच संचातल्या. ही स्थिती अभियंत्यांइतकीच वकिलांनी आणि न्यायाधीशांनीही घडवली आहे. इंटेलची कथा ट्रान्झिस्टरच्या वाढत्या आकड्यांतून सांगायची रीत आहे. माझ्या मते ती खटल्यांमधून अधिक नीट उलगडते.

प्रोसेसरला मोजक्याच आज्ञा कळतात. ही संख्या उचल, तिच्यात ती मिळव, उत्तर शून्य आले तर अमुक ठिकाणी जा. प्रत्येक आज्ञेचा एक ठरलेला सांकेतिक आकडा असतो. एकदा हा संच ठरला की त्यावर लिहिलेले सगळे सॉफ्टवेअर त्याला बांधले जाते. इंटेलची ८०८६ ही चिप १९७८ मध्ये आली, सुमारे २९ हजार ट्रान्झिस्टरची. तिचेच भावंड असलेली ८०८८ आयबीएमने १९८१ च्या आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी निवडली आणि या आज्ञासंचाचे भाग्य उजळले.

मात्र इतक्या महत्त्वाच्या भागासाठी एकाच पुरवठादारावर विसंबायला आयबीएम तयार नव्हती. म्हणून इंटेलने १९८२ मध्ये एएमडीशी तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीचा करार केला. पुढे १९८५ मध्ये ३८६ ही चिप आली तेव्हा इंटेलचे पारडे इतके जड झाले होते की तिने दुसऱ्या कोणाला ही चिप बनवू द्यायचे नाही असे ठरवले. एएमडी लवादाकडे गेली. प्रकरण वर्षानुवर्षे चालले, तोवर एएमडीने स्वतःची ३८६ तयार करून १९९१ मध्ये बाजारात आणलीही. १९९२ मध्ये लवादाने एएमडीच्या बाजूने कौल दिला, १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि १९९५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपापसांतले तंटे मिटवले. मधल्या काळात ‘३८६’ या आकड्यावर ट्रेडमार्कचा हक्क सांगण्याचा इंटेलचा प्रयत्नही न्यायालयात फसला होता. १९९३ च्या चिपला आकड्याऐवजी पेंटियम हे नाव मिळाले ते त्यामुळेच.

विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत रंजक खटला मात्र जपानच्या एनईसी या कंपनीशी झालेला. ८०८६ च्या पोटात एक चिमुकला प्रोग्राम कोरलेला असतो, त्याला मायक्रोकोड म्हणतात. बाहेरून आलेली एक आज्ञा पाळायला आत नेमके कोणते दरवाजे कधी उघडायचे, हे तो सांगतो. ८०८६ मध्ये त्यासाठी ५१२ ओळींची जागा होती, प्रत्येक ओळ २१ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा २१ खुणांची. एनईसीने व्ही-२० आणि व्ही-३० या चिप काढल्या, त्याही इंटेलच्याच आज्ञा पाळत. आमचा मायक्रोकोड चोरला, असे इंटेलचे म्हणणे. आता प्रश्न असा पडला की सिलिकॉनमध्ये कोरलेल्या या ओळी म्हणजे यंत्राचा भाग की कॉपीराइट मिळू शकेल असे लेखन?

१९८९ मध्ये न्यायालयाने सांगितले की हे लेखनच आहे, कॉपीराइट लागू होतो. पण एनईसीने नक्कल केलेली नाही. इंटेलचा मजकूर न पाहिलेल्या अभियंत्याकडून एनईसीने वेगळा मायक्रोकोड लिहून घेतला होता, आणि त्यातले काही भाग तरीही इंटेलच्या मजकुरासारखेच निघाले. हार्डवेअर तेच, काम तेच, मग ते करण्याचे मार्ग उरतात किती? साम्य चोरीतून आलेले नसून तांत्रिक मर्यादांमधून आलेले आहे, हे एका प्रयोगाने सिद्ध झाले. न्यायालयात इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो. शिवाय इंटेलच्या परवान्याने चिप बनवणाऱ्यांनी कॉपीराइटची खूण न घालताच चिप विकल्या आणि इंटेलने त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, म्हणून तो हक्कही तिने गमावला.

नंतर पारडे फिरलेही. एका दमात ६४ बिट हाताळणाऱ्या चिपसाठी इंटेलने इटेनियम हा नव्या आज्ञासंचाचा मार्ग धरला. एएमडीने जुन्याच संचाला ६४ बिटांची जोड देऊन २००३ मध्ये ऑप्टेरॉन हा प्रोसेसर आणला. लोकांनी जुने सॉफ्टवेअर सोडले नाही, आणि २००४ मध्ये इंटेललाही एएमडीची वाट धरावी लागली. आजही विंडोजसारखीच कार्यप्रणाली असलेल्या लिनक्सच्या काही आवृत्त्यांवर इंटेलच्या संगणकासाठी घ्यायच्या फाइलच्या नावात ‘एएमडी-६४’ असते, ते यामुळे.

तंत्रज्ञानात हरूनही बाजार राखता येतो का? २००५ मध्ये एएमडीने अमेरिकेतील डेलावेअर राज्यात लावलेल्या खटल्याचा आणि युरोपीय संघात स्पर्धेचे नियम राबवणाऱ्या युरोपीय आयोगाच्या चौकशीचा गाभा हाच होता. आरोप सवलतींबद्दल होता. सवलत देणे वाईट कसे, असे कोणीही विचारेल, म्हणून हिशेब करून पाहू. समजा एका संगणक उत्पादकाला १०० चिप हव्या आहेत. त्यातल्या ८० त्याला इंटेलकडूनच घ्याव्या लागतील, कारण गिऱ्हाईक त्याच मागते. उरलेल्या २० बाबत त्याला निवड आहे. चिपची किंमत १०० धरू. सगळ्या १०० इंटेलकडून घेतल्या तर १० टक्के सवलत, म्हणजे एकूण ९,०००. फक्त ८० घेतल्या तर सवलत नाही, म्हणजे ८,०००. याचाच अर्थ शेवटच्या २० चिप त्याला १,००० मध्ये, प्रत्येकी ५० ला पडतात. प्रतिस्पर्ध्याला शिरकाव हवा असेल तर त्याने निम्म्या किमतीत माल द्यायचा! एएमडीने एका उत्पादकाला दहा लाख चिप फुकट देऊ केल्या होत्या. त्याने फक्त १ लाख ६० हजार घेतल्या, कारण सगळ्या घेतल्या असत्या तर इंटेलची सवलत गेली असती. आयोगाने नोंदवलेले हे उदाहरण वाचल्यावर वरचे गणित कागदी वाटत नाही.

मे २००९ मध्ये आयोगाने १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. दंडाचा खटला मात्र संपेना. २०२२ मध्ये युरोपातील न्यायालयाने सवलतींपुरता निर्णय रद्द केला: असा हिशेब आयोगाने पुरेशा पुराव्यानिशी सिद्ध केलेला नाही. २०२४ मध्ये त्यावर अंतिम शिक्कामोर्तब झाले. एएमडीच्या चिपचे संगणक बाजारात उशिरा आणावेत म्हणून उत्पादकांना पैसे दिल्याचा ठपका तेवढा राहिला, आणि त्यासाठी आयोगाने २०२३ मध्ये सुमारे ३७.६ कोटी युरोंचा नवा दंड लावला. न्यायालयाने आकडेमोडीचा आग्रह धरला हे मला योग्यच वाटते. पण निकाल लागायला पंधरा वर्षे लागली तर चिपच्या बाजारात त्याचा उपयोग कोणाला? तोवर मोबाइल फोन आले, त्यांत एआरएम या ब्रिटिश कंपनीचा वेगळाच आज्ञासंच रुजला, आणि ॲपलने २०२० पासून आपले संगणकही त्यावर नेले.

इंटेलचे दिवस आता कठीण आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीत सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. कंपनी विकली जाणार का, अशी चर्चा अधूनमधून उठते. उठली की २००९ च्या तडजोडीतले एक कलम आवर्जून आठवावे: इंटेल किंवा एएमडी यांपैकी एकीचा ताबा दुसऱ्या कोणाकडे गेला, तर परस्परांची पेटंटे वापरण्याचा परवाना संपुष्टात येतो. मूळ संच इंटेलचा, त्याला ६४ बिटांची जोड एएमडीची. त्यामुळे इंटेलचा ताबा घेऊ पाहणाऱ्याला आधी एएमडीशी बोलणी करावी लागतील.