फायर ब्रिक की इन्सुलेशन वीट?

पुण्याजवळ मुळशीकडच्या घरात फायरप्लेस बांधायची म्हणून भोसरीच्या कारखान्यांकडे विटा बघायला गेलं, की दोन वेगळ्या विटा एकाच नावाने समोर येतात. दोन्ही फिकट, दोन्हींचं माप २३० × ११५ × ७५ मिलिमीटर, आणि दोन्ही ‘भट्टीच्या विटा’. फाउंड्रीवाल्यांना फरक ठाऊक असतो. घरासाठी घेणाऱ्याला तो कुणी सांगत नाही.

हातात घेतली की कळतं. एक चार किलोच्या आसपास भरते, ती फायर ब्रिक. दुसरी जेमतेम निम्मी, ती इन्सुलेशन वीट. तिच्या मातीत लाकडाचा भुसा किंवा तसंच काही जळून जाणारं मिसळतात. भाजताना ते जळतं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. पोकळ्यांतली हवा उष्णता अडवते. साध्या करवतीने कापली जाते इतकी ही वीट मऊ असते. फायर ब्रिकला डायमंड ब्लेडचा ग्राइंडरच लागतो. कापताना दोन्हींची धूळ फुप्फुसाला वाईट, तेव्हा मास्क लावा आणि वीट ओली करून कापा.

आमच्याकडे पहिल्यांदा आतून हलकी वीट लागली. ‘ही पण हजार डिग्रीला टिकते,’ असं सांगितलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं. पण फायरप्लेसमध्ये विटेला नुसती उष्णता सोसायची नसते. बाभळीचा ओंडका टाकला की तो मागच्या भिंतीवर आदळतो. चिमट्याचे घाव बसतात. राखेतले क्षार सच्छिद्र विटेत मुरून तिला आतून खातात. दुसऱ्या हिवाळ्यात मागच्या भिंतीला मुठीएवढे खड्डे पडले होते. तेव्हा जाळाला भिडणारी वीट जडच हवी, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. ती तापायला वेळ घेते, पण जाळ विझल्यावरही बराच वेळ खोलीला ऊब देत राहते. फायर ब्रिकच्या प्रती भारतीय मानकाच्या (आयएस) क्रमांकाने ओळखतात. लाकडाच्या जाळाला ‘आयएस ६’ प्रतीची पुरते, त्याहून जास्त उष्णता सोसणारी ‘आयएस ८’ मिळाली तर उत्तमच.

मग हलकी वीट कशाला? जड विटेच्या पाठीमागे. फायर ब्रिक उष्णता सहन करते, अडवत नाही. दोन-तीन तासांनी उष्णता मागच्या भिंतीपर्यंत पोचते, आणि तिथे लाकडी चौकट किंवा वायरिंग असेल तर धोका आहे. मध्ये इन्सुलेशन विटेचा एक थर दिला की भिंत वाचते. विजेवर चालणाऱ्या कुंभारकामाच्या भट्टीत हीच हलकी वीट आतून लावतात. तिथे ओंडके नसतात, राखही नसते.

गवंडीमामांना एक गोष्ट आधीच सांगा: सिमेंट नको. सवयीने तेच कालवलं जातं. सिमेंटचा सांधा चारपाचशे डिग्रीला आतून बदलतो आणि पुढे भुगा होऊन गळतो. फायरक्लेचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीचा मसाला घ्यावा, विटा पाण्यात बुडवून काढाव्यात आणि सांधा दोन-तीन मिलिमीटरचाच ठेवावा. आपल्याकडे अर्धा इंच मसाला भरायची पद्धत आहे, ती इथे चालत नाही. वीट तापली की फुगते, म्हणून बाहेरच्या बांधकामापासून आतलं अस्तर थोडं सुटं ठेवायचं.

आणि पाऊस. पुण्याच्या आसपास फायरप्लेस पेटते ती डिसेंबर-जानेवारीत. त्याआधी चार महिने धुरांड्यातून दमट हवा आत उतरत असते आणि विटा ती शोषतात, हलकी तर जास्तच. अशा ओल्या विटांवर एकदम मोठा जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि वीट तडकते. धुरांड्याला टोपी बसवा, आणि दिवाळीनंतर तीन-चार संध्याकाळी नुसत्या काटक्यांचा छोटा जाळ करा. नव्या बांधकामालाही हेच लागू, फक्त मसाला आधी आठवडाभर आपोआप सुकू द्यायचा.