थायरॉईडची गोळी आणि वजनाचं इंजेक्शन

लातूरच्या कुठल्याही मेडिकलवर थोडा वेळ थांबा, प्रश्न कानावर येतोच: "मला थायरॉईड आहे, वजनाचं इंजेक्शन चालतं का?" सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही नावं आता तालुक्याच्या गावातही माहीत झाली आहेत. भीती मात्र भलत्याच गोष्टीची वाटते.

या औषधांच्या माहितीपत्रकात थायरॉईडचा इशारा आहे, पण तो मेड्युलरी कार्सिनोमा या दुर्मीळ कॅन्सरचा. तो थायरॉईडमधल्या 'सी' पेशींत होतो; उंदरांत या पेशींच्या गाठी दिसल्या, म्हणून हा इशारा छापला. स्वतःला किंवा घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर ही औषधं घ्यायचीच नाहीत. आपल्याकडे 'थायरॉईड निघालं' म्हणतात ते बहुधा ग्रंथी मंदावून टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं मेंदूतलं हार्मोन) वाढणं. त्याचा या पेशींशी संबंध नाही आणि त्याला ही औषधं वर्ज्यही नाहीत.

लक्ष ठेवायचं ते सकाळच्या गोळीवर. लेव्होथायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉईडच्या या गोळीचा, पूर्ण डोस किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम धरतात. ८५ किलोला हा हिशेब १३६ येतो, ७० किलोला ११२. वजन उतरलं आणि गोळी जुनीच राहिली, तर थायरॉईडचं हार्मोन जास्त होतं: छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ. त्यातच वजन आणखी उतरतं आणि माणूस इंजेक्शनवर खूश होतो! म्हणून वजन भराभर उतरत असताना दर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावं. डोस मात्र डॉक्टरांनीच बदलावा.

सेमाग्लुटाइडची गोळीही मिळते, तिथे जरा पंचाईत आहे. तीही थायरॉईडच्या गोळीसारखी उपाशीपोटीच, घोटभर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास दुसरं काही नाही, थायरॉईडची गोळीसुद्धा नाही. चाचणीत दोन्ही एकत्र दिल्यावर थायरॉक्सिनचं शरीरातलं प्रमाण ३३ टक्क्यांनी वाढलं होतं. सकाळच्या चहाशिवाय ज्यांचं पान हलत नाही, त्यांनी थायरॉईडची गोळी रात्री, जेवणानंतर तीन तासांनी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं.

मंद थायरॉईडनं आधीच पोट साफ होत नसतं, वजनाचं औषध त्यात भर घालतं. उलट कुणाला उलट्या-जुलाब लागतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तेवढ्यानंही किडनीवर ताण येऊ शकतो.

भूक मेली म्हणून अनेकजण प्रोटीन पावडर सुरू करतात. सोयाबीन आपलंच पीक, पण सोया थायरॉईडच्या गोळीचं शोषण घटवतं. दोन्ही एका वेळी नकोत. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर चार तास लांबच ठेवाव्यात.