स्वयंचलित मोटार : सुरक्षितता व विश्वासार्हता (सातारा–सांगली परिसर)

चालकाची नजर, निर्णय आणि पाय यांचे काम कमीअधिक प्रमाणात यंत्रणेवर सोपवलेली मोटार. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये तिच्या ० (सगळे चालकाच्या हाती) ते ५ (सगळे यंत्रणेच्या हाती) अशा पातळ्या ठरवल्या. आपल्याकडे ‘अडास’ (चालकाला मदत करणारी यंत्रणा) म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या फार तर पातळी २ च्या : स्टिअरिंग आणि ब्रेक गाडी सांभाळते, जबाबदारी चालकाचीच. जाहिरातीत हे बारीक अक्षरांत असते.

काचेमागचा कॅमेरा वस्तू ओळखतो; बंपरमधले ७७ गिगाहर्ट्झचे रडार अंतर आणि वेग मोजते.

या भागात खरी कसोटी लागते ती उसाच्या हंगामात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मोळ्या हातभर बाहेर आलेल्या, त्यांखाली टेललाइट झाकलेला. पंक्चर झाली की चाकामागे दगड लावून ट्रॉली रस्त्यातच उभी. रडारला उभी वस्तू, पूल आणि फलक जवळपास सारखेच भासतात. प्रत्येकाला ब्रेक लावत बसले तर महामार्गावर गाडी चालायचीच नाही. म्हणून वेगात असताना अनेक यंत्रणा कॅमेऱ्याच्या दुजोऱ्याची वाट पाहतात. कॅमेरा मुख्यतः मोटारींच्या पाठी पाहून शिकलेला. उसाचा भारा त्याला झुडूप वाटू शकतो. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मी. एक सेकंद घोळ झाला तर तेवढे अंतर गेले. कोरड्या रस्त्यावरही थांबायला पुढे आणखी ३५ मी. लागतात.

ओळख डळमळली की काय होते, हे मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी येथे दिसले. सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी स्त्री चाचणीच्या गाडीला धडकेच्या ५.६ सेकंद आधी जाणवली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल ठरवत राहिली, आणि दर वेळी तिच्या मार्गाचा अंदाज नव्याने सुरू झाला. त्यात तिचा मृत्यू झाला.

खंबाटकी बोगद्यात जीपीएस तुटतो, बाहेर पडताना उन्हाने कॅमेरा दिपतो. पसरणी घाटाच्या वळणांवर लेन-असिस्ट (गाडी लेनमध्ये धरून ठेवणारी सोय) एक बीप देऊन हात वर करू शकतो. तो घाटाआधीच बंद करावा. महाबळेश्वरच्या धुक्यात कॅमेरा निकामी, रडार मात्र चालते.

काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन (त्याची दिशा पुन्हा अचूक जुळवणे) टाळू नये : १ अंशाची चूक ५० मी. अंतरावर सुमारे ९० सेंमी होते, म्हणजे ३.५ मी. लेनचा चौथा हिस्सा. रडारवरचा चिखल रोज पुसावा. लिंबू-मिरची बाजूला बांधली तर हरकत नाही. रडारसमोर लोखंडी गार्ड मात्र बसवू नये.