डिझेल: ऑटोकॅडच्या बटणांमागची चिमुकली भाषा

ऑटोकॅड या संगणकावर आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या बटणामागे बहुतेक वेळा मजकुराची एकच ओळ असते. १९८२च्या अखेरीस ऑटोडेस्कने हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं. सुरुवातीच्या काळात त्याचा मेनू म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असे आणि ड्राफ्ट्समन ती उघडून हवी तशी बदलू शके. कीबोर्डवर जे टाइप करायचं तेच तिथे लिहायचं. अर्धविराम म्हणजे एंटर. उलटी तिरकी रेघ आली की मॅक्रो, म्हणजे ही कमांडची ओळ, थांबतो आणि क्लिकची वाट पाहतो. ओळीच्या सुरुवातीचं ^सी^सी आधीची अर्धवट कमांड सोडवतं. अशी ओळ पढवल्यासारखी चालायची, समोरच्या ड्रॉइंगची स्थिती काय आहे हे तिला कळत नसे.

१९८६ साली ऑटोलिस्प आली. डेव्हिड बेट्झ यांच्या एक्सलिस्प या भाषेवर बेतलेली ही पूर्ण प्रोग्रामिंग भाषा होती. शब्द जोडायला एसटीआरकॅट, त्यातला तुकडा काढायला सबएसटीआर, आकड्याचं अक्षरांत रूपांतर करायला आयटीओए. शीट नंबर आणि विभागाचं नाव जोडून लेयरचं, म्हणजे ड्रॉइंगमधल्या एका थराचं, नाव आपोआप तयार करणं यामुळे सोपं झालं. पण एका बटणापुरत्या कामाला एवढा पसारा लागत नाही.

ती जागा डिझेलने भरली. ऑटोडेस्कचे सहसंस्थापक जॉन वॉकर यांनी लिहिलेल्या या भाषेत स्ट्रिंगशिवाय, म्हणजे अक्षरांच्या माळेशिवाय, माहितीचा दुसरा प्रकारच नाही. आकडासुद्धा अक्षरं म्हणूनच आत येतो आणि अक्षरं म्हणूनच बाहेर पडतो. एका फंक्शनला त्याच्या नावासकट जास्तीत जास्त दहा घटक देता येतात. चूक झाली तर तीही स्ट्रिंग म्हणूनच कळते: कंस बंद करायचा राहिला की उत्तरात $? उमटतं. खालच्या स्टेटस लाइनवर चालू लेयर किंवा वेळ दाखवण्यासाठी मोडमॅक्रो या सिस्टिम व्हेरिएबलमध्ये (सॉफ्टवेअरच्या एका सेटिंगमध्ये) डिझेल लिहीत, आणि मेनू मॅक्रोमध्ये $एम= लिहून तिला बोलावत.

मला तिचं सगळ्यात आवडतं उदाहरण ऑर्थोमोडचं. रेघा फक्त आडव्या-उभ्याच काढू देणारी ही सेटिंग ० (बंद) किंवा १ (चालू) असते. मॅक्रो तिची सध्याची किंमत गेटव्हार या फंक्शनने वाचतो, १ मधून वजा करतो आणि उत्तर परत त्याच सेटिंगमध्ये घालतो. शून्याचा एक होतो, एकाचा शून्य. ‘जर-तर’ लिहायची गरजच पडत नाही. इतक्या तुटपुंज्या साधनांत एवढं नेमकं काम करणारी रचना मला खरोखर सुंदर वाटते.

१९९३ मध्ये आलेल्या स्वस्त ऑटोकॅड एलटीमुळे डिझेलचं महत्त्व आणखी वाढलं. एलटीमध्ये ऑटोलिस्प नव्हती. ती मिळायला एलटी २०२४ ही आवृत्ती यावी लागली. मधल्या काळात छोट्या कार्यालयांतल्या एलटी वापरणाऱ्यांना बटणाला थोडी अक्कल द्यायची असेल, तर हाताशी मेनू मॅक्रो आणि डिझेल एवढंच होतं. २००६च्या आवृत्तीत जुन्या मेनू फाइलची जागा सीयूआय या नव्या प्रकारच्या फाइलने घेतली, तरी बटणामागची ओळ त्याच चिन्हांत लिहिली जात राहिली.