शस्त्र परवान्याचा अर्ज करताय? घरात लहान मूल असेल तर हमीपत्र नीट वाचा

शस्त्र परवान्याबद्दल विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "मिळेल का?" घरात मुलं असतील तर त्याआधी स्वतःला विचारा, बंदूक ठेवणार कुठे?

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 9 प्रमाणे 21 वर्षं पूर्ण नसलेल्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. नेमबाजीच्या सरावाला सवलत आहे, पण ठरलेल्या वयानंतर आणि नियमांत घातलेल्या अटींवर. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो.

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना पोर्टलवर, नमुना ए-1 मध्ये भरायचा. आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर परवाना पोलीस आयुक्त देतात, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी. सोबत फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. नमुना एस-3 मधलं वैद्यकीय प्रमाणपत्रही लागतं. त्यात मानसिक आरोग्याचा आणि व्यसन नसल्याचा उल्लेख हवा. मग स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते.

या गठ्ठ्यातच शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र असतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच, आणि न वाचता सही होते तीही यावरच.

आजोळी माजघरात खुंटीला मामांची बारा बोअरची बंदूक असायची. काडतुसं खालच्या फडताळात, डब्यात. फडताळाला कुलूप होतं, पण चावी देवघरातल्या शंखामागे असते हे आम्हा सगळ्या भावंडांना पाठ होतं. मोठ्यांना वाटतं पोरांना कळत नाही. पोरांना घरातली प्रत्येक चावी ठाऊक असते. म्हणून बंदूक रिकामी करून लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि चाव्या स्वतःच्या अंगावर ठेवा. कपाट भिंतीत पक्कं केलेलं असलं तर उत्तम. लग्नात किंवा फोटोपुरतीही ती पोराच्या हातात देऊ नका.

परवान्याची अट मोडली तर कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम 17 खाली परवाना निलंबित किंवा रद्दही होतो. निष्काळजीपणातून कुणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही. अशा वेळी चौकशीचा पहिला प्रश्न परवानाधारकालाच असतो: मुलाच्या हाती बंदूक लागली कशी?

छऱ्याच्या बंदुकीला ठरावीक ताकदीपर्यंत परवाना लागत नाही, म्हणून ती खेळण्यांत पडलेली दिसते. छरा डोळा फोडतो. तीही कुलपातच हवी.

आणखी एक गोष्ट फार घरांत राहून जाते. परवानाधारक वारले की बंदूक माळ्यावर जाते आणि विसरली जाते. नातवंडं सुट्टीत माळा धुंडाळतातच. परवान्याची मुदत संपली किंवा परवानाधारक हयात नसला, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. काडतुसंही सोबत द्या, मोजून, आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक बरोबर लिहिलाय ना, ते तिथेच तपासा.