ट्रकचं अलाइनमेंट (चाकं सरळ जुळवणं) कॉम्प्युटरशिवाय होत नाही?

कळंबोलीपासून तुर्भ्यापर्यंत चालणारा हा समज सॉलिड फ्रंट अ‍ॅक्सलला, म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एकसंध दांड्याला, लागू नाही. तिथे कॅम्बर (चाकाचा उभा कल) घडणीतच ठरलेला. नेहमी जुळवायचा तो फक्त टो, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलीत ते.

आधी किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती पिन), टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं), बेअरिंग यांचा प्ले (ढिलेपणा) काढा, नाहीतर माप घेणं फुकट. हवा सारखी भरा. सपाट जागी पुढचं प्रत्येक चाक जॅकवर फिरवत टायरच्या मध्यावर खिळ्याने रेघ ओढा. खाली उतरवून ट्रक दोनेक मीटर पुढेच सरकवा. रिव्हर्स घेतला की माप फसतं. अ‍ॅक्सलच्या उंचीवर रेघांमधलं अंतर पुढून-मागून मोजा. पुढे साधारण १-२ मिमी कमी हवं, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. क्लॅम्प सैल करून टाय रॉड फिरवा, पुन्हा मोजा, क्लॅम्प आवळा.

मागचा अ‍ॅक्सल तिरका असेल तर हा उपाय चालणार नाही. अ‍ॅक्सल पाट्यांना धरणारे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट तपासा.