गरोदरपणातील झिका चाचणी : पात्रता, कागदपत्रे आणि प्रतिबंध

डासांमार्फत पसरणाऱ्या झिका विषाणूची लागण झालेल्या बहुतेकांना लक्षणे जाणवतच नाहीत. मात्र गर्भवतीकडून हा विषाणू गर्भात पोहोचल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, म्हणून या चाचणीत गर्भवतींना प्राधान्य असते. तरीही सरसकट सर्वांची चाचणी होत नाही. झिकाचा प्रसार असलेल्या भागात राहणाऱ्या वा तेथून आलेल्या, किंवा तेथून परतलेल्या जोडीदाराशी निरोधाविना संबंध आलेल्या गर्भवतीला ताप, पुरळ, डोळे लाल होणे वा सांधेदुखी असल्यास, तसेच सोनोग्राफीत गर्भाच्या मेंदूत दोषाची शंका आल्यास डॉक्टर चाचणी सुचवतात.

प्रयोगशाळेचा मागणी अर्ज सहसा डॉक्टरच भरतात. त्यासाठी ओळखपत्र, प्रसूतिपूर्व तपासणीचे कार्ड आणि आधीचे सोनोग्राफी अहवाल सोबत न्यावेत. अर्जातील सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका घाईत भरला जाणारा भाग तारखांचा असतो. लक्षणे कधी सुरू झाली, प्रवास कधी झाला आणि गर्भ किती आठवड्यांचा आहे, हे ठाऊक नसेल तर अहवालाचा अर्थ लावणे अवघड होते, कारण रक्तात विषाणू साधारण पहिला आठवडाभरच सापडतो. लघवीत तो सहसा अधिक काळ आढळत असल्याने विषाणूच शोधणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीसाठी रक्त व लघवी हे दोन्ही नमुने एकाच वेळी घेतले जातात. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडी) चाचणी पुढेही करता येते. पण पूर्वी डेंग्यू झाला असल्यास किंवा पीतज्वराची लस घेतली असल्यास ती फसवू शकते, म्हणून ही माहितीही अर्जात नोंदवावी.

नमुना उशिरा घेतला असल्यास ‘निगेटिव्ह’ अहवालाने लागण पूर्णपणे नाकारता येत नाही. ‘पॉझिटिव्ह’ अहवाल म्हणजे बाळात दोष असणारच असेही नाही : जागतिक आरोग्य संघटनेनुसार बाधित मातांच्या 5 ते 15 टक्के बाळांत झिकाशी संबंधित गुंतागुंत आढळते. अशा वेळी ठरावीक अंतराने सोनोग्राफी केली जाते. डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये.

झिकावर लस उपलब्ध नाही. तो पसरवणारा एडिस डास प्रामुख्याने दिवसा चावतो, त्यामुळे केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. अंगभर कपडे घालावेत, साठलेले पाणी काढून टाकावे आणि डीट किंवा पिकारिडिन असलेले डास पळवणारे मलम वेष्टनावरील सूचनांप्रमाणे लावावे, ते गरोदरपणातही चालते. जोडीदार बाधित भागातून आला असल्यास प्रसूतीपर्यंत निरोध वापरावा किंवा संबंध टाळावेत.

मातेच्या अहवालाची प्रत प्रसूतीच्या कागदपत्रांत लावून ठेवावी, कारण बाळाची चाचणी करायची झाल्यास त्याचे नमुने जन्मानंतर लगेचच घ्यावे लागतात.